तिसऱ्या प्रहरचा काटा

यंत्रांशी आमचा संबंध आयुष्यभर फळ्यापुरताच राहिला. इंदूरच्या एका शाळेत आम्ही तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविले. द्रवाचा दाब, घर्षण, विष्यंदिता हे शब्द खडूने लिहिले आणि तास संपला की पुसून टाकले. आमच्या हातांना तेल लागले ते फार तर सायकलच्या साखळीचे. अशा माणसाने जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी लिहावयास बसावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या विषयाने आम्हांस उतारवयात खाली मान घालावयास लाविली, त्याविषयी लिहिणे आम्ही आमचे कर्तव्यच समजतो.

आमचे घराणे मूळचे कोकणातले. देवासच्या पवारांच्या पदरी कारकुनी करीत करीत ते माळव्यात रुजले. दरबार गेले, कारकुनी गेली; राहिली ती देवासहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यापासून चार मैल आत असलेली काळी जमीन. आम्ही नोकरीच्या मागे इंदुरास आलो; थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणे, ते जमिनीपाशीच राहिले. दादांनी तरुणपणी बुदनीच्या केंद्रात ट्रॅक्टरचे शिक्षण घेतले होते. नर्मदेच्या उत्तर तीरावर, होशंगाबादच्या समोर (ज्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे), सरकारने १९५५ साली हे केंद्र काढले. तेथून परतल्यावर दादा इंजिनाविषयी असे बोलत, जणू ते घरातले एखादे तापट परंतु कर्तबगार माणूस आहे.

१९७४ साली कर्ज काढून दादांनी लाल रंगाचा बी-२७५ ट्रॅक्टर घेतला. चार सिलिंडरांचा, पस्तीस अश्वशक्तीचा. हे मूळचे इंग्लंडातले यंत्र. १९६५ पासून ते मुंबईस कांदिवलीला तयार होऊ लागले होते. ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी वहिनींनी त्याला हळदकुंकू लाविले, चाकाखाली नारळ फोडला आणि आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकिला. पुढे सोयाबीन माळव्यात आले, विहिरी गेल्या आणि नळकूप आले, आमच्या शाळेतल्या मुलांची मुले शाळेत आली, तरी तो ट्रॅक्टर चालतच होता. २०१७ साली दादा गेले, आणि ट्रॅक्टर एका छपराखाली उभा राहिला.

२०१९ च्या मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांचा ट्रॅक्टर द्यायचं ठरवलं आहे. घेणारा घरचाच आहे. तुम्ही दोन दिवस आलात तर बरं होईल."

घेणारा म्हणजे आमच्या जुन्या सालदाराचा मुलगा. दादांच्या मांडीवर बसून त्याने ह्याच ट्रॅक्टरचे चाक प्रथम हाती धरिले होते. आता त्याची स्वतःची बारा बिघे जमीन होती आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात दरवर्षी त्याची पेरणी मागे पडत असे. किंमत नव्वद हजार ठरली होती. विसाराचे दहा हजार उभे करण्यासाठी त्याने बायकोच्या चांदीच्या कड्या गहाण ठेविल्या होत्या. हे आम्हांस नंतर कळले. आधी कळले असते तर आम्ही वेगळे वागलो असतो, असे म्हणावयास आम्हांस आवडेल. तथापि त्याची खात्री देववत नाही.

आम्ही पोहोचलो त्या रात्री जेवणानंतर पुतण्याने हलक्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. इंजिन गरम झाले की ऑइलच्या दाबाचा काटा खाली येऊन शून्याशी चिकटत होता. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने त्यावर दोन उपाय केले होते. नेहमीच्यापेक्षा दाट ऑइल भरिले, आणि दाब फार वाढला तर ऑइलला परत वाट देणारी जी झडप असते, तिच्या स्प्रिंगखाली एक वॉशर घातला. "आता काटा छान चढतो," पुतण्या म्हणाला, "पण तास-दोन तास चालला की पुन्हा पडतो."

येथे आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही त्यास समजावून सांगू लागलो की तेल गार असता दाट असते आणि तापले की पातळ होते. आजकालच्या सामान्य इंजिन ऑइलचा दाटपणा चाळीस अंशांवर असतो त्याच्या सुमारे सातवा हिस्सा शंभर अंशांवर उरतो. गार इंजिनात काटा चढणार आणि तापलेल्यात उतरणार, हा निसर्गनियम आहे. आणि एवढ्या विद्वत्तेनंतर आम्ही एक वाक्य बोललो, जे आज लिहितानाही लाज वाटते. आम्ही म्हणालो, "मग त्याला सकाळी सहालाच बोलाव."

सकाळी तो आला. पायांतले जोडे छपराबाहेर काढून त्याने ट्रॅक्टरला हात जोडले. पुतण्याने इंजिन चालू केले. काटा सत्तर पौंडांवर जाऊन स्थिर उभा राहिला. त्याने काट्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलाविली. त्याने रुमालाची गाठ सोडून विसार दिला आणि गेला.

चहा देताना वहिनी सहज म्हणाल्या, "गंमत आहे. ह्यांनी कधी सकाळी काटा पाहिला नाही. मी तिसऱ्या प्रहरी चहा घेऊन शेतावर जायची, तेव्हा आधी काटा पाहायचे आणि मग पेला हातात घ्यायचे."

वहिनींच्या मनात काही नव्हते. परंतु तो चहा आम्हांस गोड लागला नाही. दुपारी आम्ही पुतण्यास ट्रॅक्टर शेतात न्यावयास लाविले. दीड तास त्याने नांगर ओढला, आणि तिसऱ्या प्रहरी बांधावर आणून इंजिन हळू फिरत ठेविले. काटा पाच-सहा पौंडांवर थरथरत होता. आम्ही त्याच संध्याकाळी देवासला निरोप पाठविला.

निरोप ज्यांना पाठविला ते मिस्त्री दादांच्या वयाचे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, दुकान मुलाच्या स्वाधीन केलेले. दुसऱ्या दिवशी ते बसने आले. हातात एक पिशवी; तीत फडक्यात गुंडाळलेला दाबाचा गेज, एक लांब रबरी नळी, मोजमापाच्या पातळ पट्ट्या आणि मायक्रोमीटर. आम्हांस वाटले, आता हे इंजिन खोलतील. त्यांनी बाजेवर बसून पाणी मागितले आणि प्रश्न विचारावयास आरंभ केला.

काटा एकाएकी पडला की हळूहळू? एकाएकी पडला असेल तर स्प्रिंग तुटली असेल, एखादी नळी फुटली असेल, नाहीतर जाळी बुजली असेल. वर्षानुवर्षे थोडा थोडा उतरला असेल तर झीज. गार असताना पडतो की गरम असताना? हळू फिरताना की जोरात? वाहिनीत ऑइल कमी होते की वाढते?

"वाढते?" आम्ही हसलो. "ऑइल वाढेल कसे?"

"माट्साब, देखो तो सही," म्हणत त्यांनी ऑइलची पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि मग आमच्या नाकाशी धरिली. डिझेलचा वास येत होता. एक थेंब त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर टाकला. मधला काळा ठिपका आकसून राहिला आणि त्याभोवती फिकट, पातळ कडे दूरवर पसरले. एखादा नोझल फवारा न मारता ठिबकत असला की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. वर दाट ऑइल ओतून उपयोग काय? खालून पातळ होतच होते.

मग त्यांनी ट्रॅक्टरचा गेज खरा की खोटा हे पाहिले. इंजिनाच्या मुख्य वाहिनीवरची जोडणी खोलून तेथे स्वतःचा गेज नळीने जोडला. पुष्कळदा गेजच बिघडलेला असतो, वा त्याची बारीक नळी बुजलेली असते, आणि लोक उगाच इंजिन उघडतात. येथे दोन्ही गेजांत दोन पौंडांहून अधिक फरक नव्हता. काटा खरे बोलत होता.

तिसरी पायरी झडपेची. टोपी काढून त्यांनी स्प्रिंग बाहेर घेतली आणि वॉशर काढून आमच्या तळहातावर ठेविला. गुळगुळीत, पैशाएवढा. "हे कशाला घातलं होतं?" त्यांनी पुतण्यास विचारले.

"दाब वाढावा म्हणून."

मिस्त्रींनी जे सांगितले, ते आम्ही तीस वर्षांत एकदाही विद्यार्थ्यांना इतके स्वच्छ सांगितले नव्हते. पंप दाब निर्माण करीत नाही; पंप फक्त ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असेल तर दाब तयार होतो. वाट रुंद झाली की तेच ऑइल सहज निघून जाते आणि दाब पडतो. ही झडप म्हणजे दाब हद्दीपलीकडे गेला तरच उघडणारे दार. गरम इंजिन हळू फिरत असताना दाब हद्दीच्या पुष्कळ खाली असतो. म्हणजे दार आधीच बंद असते. बंद दाराला आणखी एक कडी घालून घरातली गळती कशी थांबेल? वॉशरने वाढला तो फक्त गार इंजिनाचा, सकाळचा दाब. जेथे तो मुळातच पुरेसा होता तेथेच तो वाढला. जेथे कमी होता तेथे तसाच राहिला. वर नुकसान असे की गार सकाळी पंपावर आणि फिल्टरवर नको तेवढा ताण पडत होता.

झडपेची बैठक त्यांनी भिंगाने पाहिली. कचरा अडकून ती अर्धी उघडी राहिली असती तर दोष तेथेच सापडला असता आणि काम शंभर रुपयांत झाले असते. परंतु बैठक स्वच्छ होती, स्प्रिंग शाबूत होती.

चौथी पायरी फिल्टर. त्यांनी तो कापून कागदाच्या घड्या उन्हात पसरल्या. घड्यांत तांबूस रंगाची बारीक कणी चमकत होती. चुंबक फिरविला, एकही कण उचलला गेला नाही. "लोखंड नाही," मिस्त्री म्हणाले, "बेअरिंगचं तांबं आहे." आणि ते प्रथमच काही वेळ गप्प बसले.

तरीही त्यांनी घाई केली नाही. आधी स्वस्तातले दोष दूर करावयाचे, मग महागातल्याला हात लावावयाचा, असा त्यांचा नियम. नोझल देवासला नेऊन तपासले. चारांपैकी तिसरा ठिबकत होता. तो बदलला. जुने ऑइल काढून योग्य जातीचे नवे भरिले, फिल्टर नवा बसविला, वॉशर काढूनच ठेविला. दीड तास नांगर ओढून पुन्हा मोजमाप घेतले. हळू फिरताना दहा पौंड, पूर्ण वेगात चोवीस. पूर्वीपेक्षा बरे, परंतु पुरेसे नव्हे. हजार फेऱ्यांमागे निदान दहा पौंड हा त्यांचा जुना ठोकताळा होता, आणि त्या हिशेबाने इंजिन जेमतेम काठावर होते. मिस्त्री म्हणाले, "आधा मरज डिझेल का था. बाकी आधा नीचे है."

खाली म्हणजे चेंबरमध्ये. चेंबर उतरविले. ऑइल शोषून घेणारी जाळी थोडी चिकट झाली होती, परंतु बुजलेली नव्हती. पंप खोलून त्याच्या चाकांत आणि कवचात त्यांनी पातळ पट्ट्या घालून पाहिल्या. झीज होती, पण वयाच्या मानाने क्षम्य. शेवटी एका कनेक्टिंग रॉडची टोपी सोडविली आणि बेअरिंगचा अर्धा तुकडा हातात आला. वरचा करडा थर जागोजाग निघून गेला होता, आणि त्याखालचे तांबे उघडे पडले होते.

क्रँकचा पिन मायक्रोमीटरने मोजला. एका दिशेने एक माप, काटकोनात दुसरे. एका इंचाच्या हजाराव्या भागाला मिस्त्री 'एक थाऊ' म्हणत. पिन चार थाऊ लंबगोल झाला होता. नव्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग ह्यांच्यामधली फट दोन-तीन थाऊ, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी असते. आता ती दुपटीहून अधिक झाली होती.

येथे आमचे पुस्तकी ज्ञान प्रथमच कामास आले. फट दुप्पट झाली म्हणजे गळती दुप्पट होते, असे आपणांस वाटते. तसे नाही. अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट, तर गळती आठपट. म्हणून झीज वर्षानुवर्षे दिसत नाही आणि पुढे एके वर्षी काटा भराभर उतरू लागतो. हे आम्ही मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "आठपट का, ते आपण जाणा. पण होतं असंच."

आम्हांस त्या वेळी आणखी एक जुनी हकीकत आठवली. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोचँप टॉवर नावाचे एक अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. तर आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातूनच वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर फेकली गेली. गेज लाविला तर काटा दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला, जरी बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. फिरणारा आसच तेलाला पाचरीसारखे आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या पातळ पापुद्र्यावर स्वतः तरंगतो, हे त्यावरून उमगले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स ह्यांनी त्याचे गणित मांडले. म्हणजे ट्रॅक्टरचा भार काट्यावरच्या तीस-चाळीस पौंडांनी उचलला जात नाही. काटा एवढेच सांगतो की तेल शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोहोचत आहे. पोहोचले, तर उचलण्याचे काम आस स्वतःच करतो. पोहोचले नाही, तर धातूवर धातू घासतो, आणि मग एका दुपारी भर नांगरटीत इंजिन जखडते. ती दुपार त्या सालदाराच्या मुलाच्या शेतात, त्याच्या ऐन पेरणीत आली असती.

मिस्त्रींनी खर्चाचा अंदाज सांगितला. ट्रॅक्टर मधोमध सोडवून क्रँक बाहेर काढावा लागेल. देवासला ग्राइंड करून वीस थाऊ लहान करावा लागेल. त्या मापाचे नवे बेअरिंग, सगळी पॅकिंगे, मजुरी. बावीस हजार. पुतण्या उठून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. तोही काही लबाड मुलगा नव्हता. दोन वर्षे सोयाबीन पडेल भावाने गेले होते, आणि थोरलीची फी भरावयाची होती.

परत आल्यावर तो म्हणाला, "काका, आता काय करायचं ते तुम्हीच सांगा. सकाळी बोलवायचंही तुम्हीच सांगितलं होतं."

तो खरे बोलला. आम्ही निघालो आणि सालदाराच्या मुलाच्या घरी गेलो. तो बैलांना चारा घालीत होता. आम्ही बाजेवर न बसता उभ्याउभ्याच सारे सांगितले. ठिबकणारा नोझल, तांबे, चार थाऊ, आणि वॉशरसुद्धा. दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ, किंमत ठरली तीच राहील. नको असेल तर विसार परत घेऊन जावा, असे म्हणून दहा हजार पुढे केले.

त्याने पैशांना हात लाविला नाही. थोडा वेळ चारा तसाच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माट्साब, इंजिनाचं तर समजलं. जुनं आहे, झिजणारच. पण मला सकाळीच का बोलावलं?"

वर्गात तीस वर्षे आम्ही प्रश्न विचारीत आलो होतो आणि उत्तर न येणाऱ्यास उभे करीत आलो होतो. त्या अंगणात आम्ही तसे उभे राहिलो. आमच्यापाशी उत्तर होते. पूर्ण, सविस्तर, दाटपणाच्या आकड्यांसकट. तेच सांगावयास तोंड नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "चुकलो."

तो म्हणाला, "विसार तुमच्याकडेच राहू द्या. ठीक झाला की पाहीन. दुपारी पाहीन."

दुरुस्तीला अठरा दिवस लागले. बेअरिंगच्या प्रत्येक टोपीवर मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने पाना फिरविला. इंजिन जोडल्यावर त्यांनी ते लगेच चालू करू दिले नाही. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे थोडे, थांबून थांबून फिरविले. काटा हलला, ऑइल वरपर्यंत पोहोचले ह्याची खात्री झाली, तेव्हाच डिझेल सोडले. कोरड्या बेअरिंगवर पहिले मिनिट चालविले तर बावीस हजार त्या मिनिटातच जातात, असे ते म्हणाले.

जून संपत आला होता, आर्द्रा लागल्या होत्या आणि आभाळ भरून येत होते. ठरल्याप्रमाणे तो दुपारी आला. स्वतः चाकावर बसला, दोन तास नांगर ओढला आणि ट्रॅक्टर बांधाशी आणून इंजिन हळू फिरत ठेवले. आम्ही, पुतण्या आणि मिस्त्री बांधावर उभे होतो. वहिनी घरून चहा घेऊन आल्या होत्या. त्याने आधी काटा पाहिला, मग पेला हातात घेतला.

ज्यांच्या घरी अजून असा एखादा जुना ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रींची शिस्त येथे थोडक्यात नोंदवितो. दाब कमी दिसला की प्रथम ऑइलची पातळी पाहावी आणि वास घ्यावा. मग दुसऱ्या, भरवशाच्या गेजने खात्री करावी. मग झडप, मग फिल्टर, मग जाळी, मग पंप, आणि सर्वांत शेवटी बेअरिंग. काटा एकाएकी शून्यावर आला तर काहीही न तपासता इंजिन तत्काळ बंद करावे. घरापर्यंत नेतो म्हणू नये. दाट ऑइल आणि वॉशर ही औषधे नव्हेत. आणि जुने इंजिन विकत घेताना ते गार असताना कधीही पाहू नये; तास-दोन तास कामाला जुंपून मग पाहावे.

निघताना मिस्त्रींनी एक शाळकरी वही मागितली. तीत आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहावयाच्या होत्या: तारीख, तास, गार दाब, गरम दाब. गरम दाब उतरू लागला की वही वर्षभर आधी सांगते, असे त्यांचे म्हणणे. सालदाराच्या मुलाने वही आमच्यापुढे धरिली. "पहिली ओळ आपण लिहा, माट्साब. अक्षर चांगलं आहे."

रकाने आखताना आमचा हात किंचित कापला. गार दाबाच्या रकान्यात आम्ही बावन्न लिहिले. गरमच्या रकान्यात लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा ट्रॅक्टरपाशी जाऊन, वाकून, चष्मा सावरून काटा पाहिला, आणि मग लिहिले: हळू फिरताना बावीस, पूर्ण वेगात बेचाळीस, वेळ, दुपारचे चार.